वायमरानर घ्यावा का? (जळगाव, एकत्र कुटुंब, मे महिन्यात ४५ अंश)

गिरणाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असतो, पण आज सल्ला हवाय.

नाशिकच्या मित्राकडे वायमरानर कुत्री आहे, तिला पिल्लं झालीत. राखाडी-चंदेरी रंग, निळे डोळे. (मोठेपणी ते पिवळसर होतात म्हणे.) फोटो आल्यापासून मुलानं घर डोक्यावर घेतलंय. मित्र पैसे घेत नाहीये, फक्त “नीट सांभाळशील ना?” एवढंच विचारतोय. त्यालाच मला छातीठोक उत्तर देता येत नाहीये.

आमची परिस्थिती अशी. जळगावात पिंप्राळ्याच्या बाजूला स्वतःचं घर. अंगणात दोन चारचाकी उभ्या राहतील एवढी जागा, वर गच्ची. घरात आई-बाबा, आम्ही दोघं, मुलगा दहा वर्षांचा, मुलगी चार वर्षांची. माझं ऑटो पार्ट्सचं दुकान, सकाळी साडेनऊ ते रात्री साडेआठ. बायको शाळेत शिकवते, दुपारी अडीचला येते. बाबांचे गुडघे गेलेत. आईचं सोवळं आहे, पण “देवघरात नको, बाकी काय करायचं ते करा” एवढ्यावर ती आली आहे. मोठ्या भावाची यावलकडे केळीची बाग आहे, महिन्यातनं दोन-तीन चकरा होतात, म्हणजे मोकळं रानही आहे. घरात सगळे तयार आहेत.

लहानपणी गावी कुत्री होती, पण ती वाड्यात पडून असायची, भाकरी टाकली की झालं. हे प्रकरण वेगळं दिसतंय. वायमरानर घ्यावा, लॅब्राडोर बघावा, की विषयच सोडावा? स्पष्ट लिहा, राग येणार नाही.

आप्पा_धुळेकर

भो, घोडा घे. कमी फिरवावा लागतो.

पुणेरी_पंजा

माझ्याकडे वायमरानर नर आहे, सहा वर्षांचा, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वायमरानर हा ‘गनडॉग’, तर आधी ते काय प्रकरण आहे ते. बंदुकीनं पक्षी टिपणाऱ्या शिकाऱ्याच्या जोडीनं काम करायला तयार केलेली ही कुत्री. पॉइंटर आणि सेटर दडलेला पक्षी वासावरून हुडकतात आणि जागच्या जागी थिजून दाखवतात. स्पॅनियल तो झुडपातून उठवतात. रिट्रीव्हर पडलेला पक्षी दात न लावता तोंडात धरून आणून देतात. लॅब्राडोर आणि गोल्डन या शेवटच्या गटातले. वायमरानर म्हणजे हुडकणं, दाखवणं, आणणं हे सगळं एकट्यानं करणारा जर्मन गडी. जर्मनीतल्या वायमार शहरावरून नाव पडलं आणि १८९७ मध्ये जर्मनीत या जातीचा क्लब निघाला. दिवसभर रानात पळायचं, पण माणसाच्या नजरेच्या टप्प्यात राहायचं, एवढ्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या यांची निवड झालेली आहे. पिल्लू पिंप्राळ्यात आलं म्हणून ती काही पुसली जात नाही.

नर खांद्यापाशी ५९ ते ७० सेंटिमीटर, वजन ३० ते ४० किलो. मादी २५ ते ३५ किलो. आज मांडीवर मावणारं पिल्लू सहा महिन्यांत ओट्यावरच्या पोळ्यांपर्यंत पोचतं.

माझ्याकडे पहाटे तासभर, संध्याकाळी तासभर पळणं असतं, शिवाय घरात वस्तू लपवून हुडकायला लावायचे खेळ. हे झालं तर इतका गुणी की पाहुण्यांना घरात कुत्रा आहे हे कळत नाही. नाही झालं तर दाराची चौकट, गादी, चपला, जे समोर येईल ते. आणि याला एकटं राहता येत नाही. मी आंघोळीला गेले की दाराखालच्या फटीला नाक लावून बसतो; आत मला त्याच्या श्वासाचा आवाज येतो. गोड वाटतं ऐकायला. पण याच स्वभावाचं कुत्रं रिकाम्या घरात पाच तास ठेवलं तर ते रडतं, दार खरवडतं, नखं रक्ताळून घेतं.

तुमच्या लिखाणात अंगण आहे, गच्ची आहे, भावाचा मळा आहे. कुत्र्याला अंगण नको असतं, अंगणात त्याच्याबरोबर असणारा माणूस हवा असतो. साडेनऊ ते अडीच तो कोणाचा? आई-बाबा घरात आहेत हे खरं, पण गुडघे गेलेल्या माणसाच्या हातात ३५ किलोच्या कुत्र्याचा पट्टा देणार का?

केळीवाला_रावेर

पंजाताईंना अनुमोदन. मळ्याच्या बाजूनं लिहितो, कारण ‘मोकळं रान आहे’ यावर तुमची भिस्त दिसते.

आमच्या चुलत्यांकडे जर्मन पॉइंटर होता, वायमरानरचाच भाऊबंद म्हणा. केळीची कापणी झाल्यावर बागेत पाला आणि खोडं पडलेली असतात, त्यातनं चालता चालता हा एकदम थांबायचा. पुढचा एक पाय उचललेला, शेपूट सरळ ताठ, अंग सगळं दगड, फक्त नाकपुड्या हलायच्या. हाका मारा, ढकला, काही नाही. मग पाल्यातनं भर्रकन तितर उठायचं. त्याला हे कोणी शिकवलेलं नव्हतं. बघायला गडीमाणसं काम सोडून उभी राहायची.

आता दुसरी बाजू. शेजारच्या कोंबड्या त्यानं ठेवल्या नाहीत, दर वेळी पैसे मोजून भांडण मिटवावं लागायचं. ठिबकच्या नळ्या चावून ठेवायचा, मोटर चालू केली की बागेत कारंजी. मोरामागे पळायचा. मोर म्हणजे थट्टा नाही, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तो पहिल्या अनुसूचीत आहे; कुत्र्यानं मारला तरी वनखातं मालकालाच विचारणार. यावल-रावेरच्या पट्ट्यात बिबट्या केळीच्या बागेत दबून बसतो हे तुम्हाला मी सांगायला नको, आणि कुत्रं हे त्याचं आवडतं खाणं. तेव्हा रात्री मळ्यात बांधून ठेवायचा विचारही करू नका.

कपाशीच्या फवारणीचे दिवस तर फारच जपायचे. औषध मारलेल्या वावरातनं कुत्रं पळून येतं, पाय चाटतं, आणि तासाभरात तोंडाला फेस. उंदरांसाठी टाकलेल्या गोळ्यांचं तेच. सोडून द्यावं आणि पळू द्यावं असं रान आता कुठे राहिलंय?

देशी_बाणा

एक साधा प्रश्न. जर्मनीच्या थंडीतलं कुत्रं जळगावच्या भट्टीत आणायचंच कशाला? साक्रीकडे ठेलारी मेंढपाळांच्या वाड्यावरची कुत्री बघा. मेंढरांमागे उन्हातान्हात चालतात, गोचिडांना दाद देत नाहीत, बिबट्याला भुंकून माघारी लावतात. नाहीतर रस्त्यावरचं एखादं पिल्लू उचला, पुण्य लागेल. विदेशी जातींचं फॅड हे शेवटी फोटोपुरतं असतं.

पुणेरी_पंजा

@देशी_बाणा, रस्त्यावरच्या पिल्लाबद्दल शंभर टक्के सहमत. पण ठेलारींचं कुत्रं चार खोल्यांच्या घरात, चार वर्षांच्या मुलीच्या मैत्रिणी येताजाता किंचाळत असताना, शांत बसेल असं तुम्हाला खरंच वाटतं? तेही कामाचंच कुत्रं आहे. त्याचं काम वेगळं, एवढंच. आणि फोटोपुरतं माझं फॅड सहा वर्षं पहाटे पाचला उठवतंय मला.

देशी_बाणा

मुद्दा मान्य. उन्हाचा मुद्दा मात्र तसाच आहे.

पशुवैद्य_अमळनेर

उन्हाचा मुद्दा आलाच आहे तर त्यापासूनच सुरू करतो.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पंजाच्या गादीला थोडा येतो तेवढाच. बाकी सगळी भिस्त धापेवर. नॉर्मल तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. ते १०६ च्या पुढे गेलं की आतडी, मूत्रपिंड, मेंदू सगळ्यांवर परिणाम होतो, आणि असं कुत्रं दवाखान्यात आणेपर्यंत बरेचदा उशीर झालेला असतो. वायमरानरचे केस आखूड, आतला मऊ थर जवळजवळ नसतोच, त्यामुळे लॅब किंवा गोल्डनपेक्षा त्याला ऊन कमी बाधेल असं वाटतं. पण तो थांबत नाही, खरी अडचण तीच. चेंडू टाकत राहिलात तर पडेपर्यंत पळेल. कधी थांबायचं हे तुम्हाला ठरवावं लागतं.

मार्चअखेर ते पाऊस पडेपर्यंत आपल्याकडे फिरवायची वेळ म्हणजे पहाटे पाच ते साडेसहा. संध्याकाळी सातलाही डांबर तापलेलं असतं. हाताची मागची बाजू सात सेकंद रस्त्यावर टेकवून बघा, टेकवत नसेल तर त्याचे पंजेही भाजणार. दिवसभर कूलरसमोर. आपली हवा कोरडी आहे म्हणून कूलर काम करतो, मात्र जूनमध्ये ढग येऊन दमट झालं की तोच कूलर नुसता गरम वारा फेकतो. त्या पंधरा दिवसांत फार केसेस येतात. लाइट गेल्यावर काय करणार याचा विचार आधीच करून ठेवा. ऊन लागलंच तर साधं नळाचं पाणी अंगावर ओता, पंख्याखाली घ्या आणि थेट दवाखाना गाठा.

उलट थंडीत, विशेषतः धुळ्याकडे पारा सहा-सातवर येतो तेव्हा, हेच आखूड केसांचं कुत्रं कुडकुडतं. म्हणजे अंगणात झोपवायचा नाही. तो घरातच झोपणार, हे आईंना आत्ताच सांगून टाका.

आता खोल छातीच्या मोठ्या जातींचा एक आजार, पोट फुगून पीळ बसणं. वायमरानरमध्ये त्याचा धोका बऱ्यापैकी आहे. लक्षणं अशी: पोट टम्म, कुत्रं बेचैन, ओकाऱ्या काढतंय पण बाहेर काहीच पडत नाही. इथे तासांचा खेळ असतो, शस्त्रक्रियेशिवाय इलाज नाही. म्हणून खाणं दिवसातून दोन-तीन वेळा विभागून द्यायचं आणि जेवणाच्या आगेमागे तासभर पळवायचं नाही. आणि पिल्लू आणण्याआधी शोधून ठेवा: रात्री दोन वाजता तुमच्या शहरात कुत्र्याचं पोट उघडणारा डॉक्टर कोण? त्याचा नंबर फोनमध्ये आहे का? सरकारी सर्वचिकित्सालयात आमची माणसं आहेत, पण आमचा बहुतेक दिवस गाई-म्हशींत जातो, हे तुम्ही जाणताच.

गोचीड ताप हा तिसरा. गोचीड कुत्र्याच्या अंगापेक्षा भिंतीच्या फटीत जास्त असतात, तिथेच अंडी घालतात. नुसतं कुत्र्याला औषध लावून भागत नाही, घरातही औषध मारावं लागतं. खाणं सोडलं, ताप आला, नाकातनं रक्त आलं तर वाट बघू नका.

आणि पिल्लाला दमवायचं म्हणून बुलेटमागे पळवायचं नाही. मोठ्या जातीची हाडं भरायला सव्वा-दीड वर्ष लागतं. तोवर मोजकं चालणं, मोकळं खेळणं, डोक्याला काम. सव्वा वर्ष तुम्हाला तो शरीरानं फार दमवता येणार नाही आणि त्याची ताकद मात्र वाढत जाणार, हा काळ सगळ्यात अवघड. बहुतेक लोक याच काळात कुत्रं दुसऱ्याच्या गळ्यात मारतात.

गिरणाकाठ

डॉक्टरसाहेब, पंजाताई, मनापासून आभार. दोन खुलासे. पहाटे पाचला उठायची मला सवय आहे, मेहरूण तलावावर फिरायला जातो. दिवसा बाबा घरात असतात, कुत्र्यांचा त्यांना लळा आहे, बसून सोबत करतील. गडीमाणूस ठेवून फिरवता येईल का?

बाकी आईनं काल वेगळाच प्रश्न काढला. “तू दुकानवर गया का त्याले कोन देखी?” तुम्ही सगळ्यांनी पानभर लिहिलंत ते तिनं एका ओळीत विचारलं.

सोनेरी_केस (नंदुरबार)

गोल्डनचा विचार कोणाच्या मनात येत असेल तर एवढंच सांगते. स्वभावानं लाख मोलाचा, मुलांशी तर विचारू नका. पण केस वरणात, केस देवाच्या वातीत, केस नवऱ्याच्या काळ्या पॅन्टवर. रोज विंचरायचं. उन्हाळ्यात पूर्ण भादरायचाही नाही, कारण दुहेरी केसांचा वरचा थर उन्हापासून त्याला वाचवतो. आणि पाणी दोन दिवसाआड येत असेल तर एवढ्या केसाळ कुत्र्याची आंघोळ हा वेगळाच कार्यक्रम होऊन बसतो.

भुसावळ_जंक्शन

आमच्याकडे लॅब, ही दुसरी. रेल्वे क्वार्टरमध्ये वाढली. लॅबला सोपा समजू नका, तोही गनडॉगच. न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर थंड पाण्यात काम करणाऱ्या कुत्र्यांपासून ही जात ब्रिटनमध्ये घडली. तिचं पाण्याचं वेड अजून जात नाही. हतनूरच्या कालव्याला नेली की बाहेर काढताना माझीच आंघोळ होते.

खरी अडचण भूक. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅबमध्ये एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो, त्यामुळे पोट भरल्याचं मेंदूला नीट कळतच नाही. आमच्या पहिल्या लॅबचं हे नक्की असणार. आजी पोळी टाकायच्या, आत्या भाकरी टाकायच्या, शेजारीण बिस्किट टाकायची, आणि प्रत्येकाला वाटायचं आपण एकटेच टाकतोय. एकत्र कुटुंबात कुत्रं लठ्ठ होतं ते असं. मग कंबरेचे सांधे जातात. आता आमच्याकडे फ्रीजवर कागद आहे, ज्यानं खायला घातलं त्यानं खूण करायची.

आणि आपलं खान्देशी जेवण त्याच्या कामाचं नाही. भरीत, शेवभाजी, डुबुकवड्या, सगळ्यात कांदा-लसूण. त्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. उरलंसुरलं घालायची रीत मोडावी लागते. साधी भाकरी, उकडलेली कोंबडी, भोपळा, हे चालतं. केळी आपल्याकडे घरचीच, एखादा तुकडा चालतो, घड नाही. मनुका-द्राक्षं अजिबात नाही. नाशिकचा मित्र पेटी पाठवेल, वरच्या फळीवर ठेवा.

गडीमाणसाबद्दल: फिरवायला मिळतो, पण तुमचा मुलगा शाळेत असताना तो कुत्र्याला खांबाला बांधून मोबाइल बघत बसतो. एकदा अचानक जाऊन बघा म्हणजे कळेल.

पशुवैद्य_अमळनेर

कांदा-लसणाबद्दल भुसावळकरांनी लिहिलं ते बरं झालं, मी विसरलो होतो. चॉकलेटही त्यातच धरा.

जळगावची_सून

मी या आयडीनं पहिल्यांदाच लिहितेय. मी धागाकर्त्याची बायको.

यांनी वर लिहिलंय, ‘घरात सगळे तयार आहेत.’ त्या सगळ्यांत मला कधी धरलं हे मला आठवत नाही. असो. मला कुत्री आवडतात, विरोध नाही, पण हिशोब मांडू.

पहाटे पाचला हे उठतात, खरं आहे. मेहरूणला जातात, तेही खरं. तिथनं मित्रांबरोबर चहाला बसतात आणि साडेसातला घरी येतात, हे लिहायचं राहिलं. लग्नसराईत आणि दिवाळीत दुकान रात्री दहापर्यंत चालतं, तेव्हा संध्याकाळची फेरी कोणाच्या अंगावर येणार ते मला आजच दिसतंय. सासूबाई एप्रिलमध्ये गच्चीवर बिबडे, कुरडया, पापड घालतात. सगळ्या गल्लीच्या बाया जमतात. तिथे ३५ किलोचं पळणारं कुत्रं कुठे ठेवायचं? खाली बांधलं तर ते रडणार, असं पंजाताई सांगतायत. सासरे बसून सोबत करतील, हे पटतं. पण दारावर कुरिअरवाला आला आणि कुत्रा उसळला तर त्यांना आवरणार नाही. मुलगी चार वर्षांची आहे, शेपटीच्या तडाख्यानंच पडेल.

आणि दिवाळी. गनडॉग म्हणून बंदुकीला भीत नाहीत म्हणे. फटाक्यांनाही भीत नाहीत का? हा प्रश्न खरोखर विचारतेय.

माझं म्हणणं, पिल्लू नको. शांत स्वभावाचं, मोठं झालेलं कुत्रं मिळत असेल तर मी अडीचनंतर बघेन. सकाळ यांची. रविवार मुलाचा. हे लिहून द्यायला हवं.

आप्पा_धुळेकर

वहिनी, धागा संपला. आता फक्त सही बाकी.

पुणेरी_पंजा

वहिनींचा प्रतिसाद आवडला.

फटाक्यांचं उत्तर: जन्मजात कोणी धीट नसतं. शिकारीच्या कुत्र्यांनाही बंदुकीच्या आवाजाची हळूहळू, लांबून सवय लावतात. माझा तर लक्ष्मीपूजनाच्या रात्री पलंगाखाली जातो. खिडक्या लावायच्या, पंखा-टीव्ही मोठ्यानं लावायचा, जवळ बसायचं, फार भीत असेल तर डॉक्टरांना आधीच विचारून औषध. एकटं सोडायचं नाही.

मोठ्या कुत्र्याचा मुद्दा अगदी योग्य. पिल्लाचं पुढे काय होईल याचा अंदाजच बांधावा लागतो. तीन-चार वर्षांच्या कुत्र्याचा स्वभाव समोर दिसतो: मुलांशी कसं, एकटं किती राहतं, पट्टा ओढतं का. लॅब मादी बघा. वायमरानरच्या पिल्लाला मात्र मी तुमच्याकडे नाहीच म्हणेन. जात वाईट नाही, तुमच्या घराचं वेळापत्रक त्याच्या जोगतं नाही.

केळीवाला_रावेर

मी थोडा वेगळा. वायमरानर ठेवणारे गावाकडेही आहेत आणि नीट ठेवतात. घरातला एक माणूस दिवसभर त्याच्याबरोबर असला, मळ्यात फिरणारा, तर याच्यासारखा सोबती नाही. तुमच्या भावाला विचारलंत का? त्यांचा दिवस बागेतच जातो ना.

गिरणाकाठ

भावाला विचारलं. वहिनी म्हणाल्या, घरात दोन म्हशी आणि तुमचे भाऊ, तेवढे पुरे.

चौकशीबहाद्दर

थोडं अवांतर. इथे कोणी इन्स्टावरून लॅबचं पिल्लू मागवलंय का? ‘हेवी बोन, पंच फेस, विथ पेपर’ असं लिहितात. पस्तीस दिवसांचं आहे म्हणे.

पशुवैद्य_अमळनेर

@चौकशीबहाद्दर, पस्तीस दिवसांचं पिल्लू विकणंच नियमात बसत नाही. २०१७ च्या कुत्रे-पैदास नियमांप्रमाणे आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याची राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. ती नोंदणी आधी दाखवायला सांगा. ‘हेवी बोन’ हा विकणाऱ्यांचा शब्द, वैद्यकात त्याला काही अर्थ नाही. बरेचदा नुसतं जास्त खायला घालून फुगवलेलं पिल्लू असतं. पेपर म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाची नोंदणी. ती असली तरी आई-बापाच्या कंबरेच्या सांध्यांचा एक्स-रे मागा. लॅब आणि गोल्डनमध्ये तो आजार पिढीजात येतो. “एक्स-रे कशाला?” असं उत्तर आलं की फोन ठेवा. आणि पिल्लाची आई प्रत्यक्ष बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. बस स्टँडवर टोपलीत आणून देणारे भेटतात, दोन दिवसांत पार्वो या विषाणूच्या आजारानं पिल्लू जातं आणि यांचा नंबर बंद.

गिरणाकाठ

मंडळी, ठरलं. मित्राला कळवलं की वायमरानर नको. तो रागावेल असं वाटलं होतं, उलट म्हणाला, “बरं झालं खरं सांगितलंस, दोघं जण आधीच परत करायचं म्हणतायत.”

त्याच्याच ओळखीत नाशिकरोडला एक कुटुंब आहे, परदेशी चाललंय. त्यांची तीन वर्षांची लॅब मादी आहे, नसबंदी झालेली, घरात आजी आणि लहान मुलं. आम्ही सगळे मागच्या रविवारी जाऊन आलो. मुलगी तिच्या पाठीवर रेलून बिस्किट खात होती आणि ती फक्त बिस्किटाकडे बघत होती. बाबांनी पट्टा धरून गेटपर्यंत नेली, ओढत नाही. आईनं लांबूनच बघितलं आणि “केस गळतस ना?” एवढंच विचारलं. वजन मात्र ३६ किलो आहे.

वाटण्या लिहून झाल्यात. सकाळी मेहरूणचा चहा बंद, म्हणजे चहा चालू पण तिला घेऊन आणि साडेसहाच्या आत घरी. दुपारनंतर बायको. बिबड्यांच्या दिवसांत ती खालच्या खोलीत बाबांजवळ. फ्रीजवर कागद लागलाय, भुसावळकर.

दोन प्रश्न. आत्ता फेब्रुवारीत आणावी की पावसाळ्यात? आणि नाशिकहून कशी आणावी, रेल्वेनं जमतं का?

पशुवैद्य_अमळनेर

आत्ताच आणा, नाहीतर सरळ जुलैत. नाशिकच्या हवेतलं कुत्रं एप्रिलमध्ये जळगावात आणून टाकलं तर त्याला उन्हाची सवय व्हायला वेळच मिळत नाही. मार्चभर हळूहळू होईल.

३६ किलो मादीसाठी जास्त आहे. साडेतीन-चार महिन्यांत ३० च्या आसपास आणा, ते उन्हाळ्यासाठीही बरं, चरबीचं कुत्रं लवकर तापतं. एकदम उपाशी ठेवायचं नाही, ती सध्या खातेय तेच खाणं आणा आणि आठवड्याभरात थोडं थोडं बदला. लसीचं पुस्तक मागून घ्या, रेबीजची तारीख बघा. घरात शिरण्याआधी गोचीड तापासाठी रक्त तपासून घ्या. ओळखीचा वास राहावा म्हणून तिचं जुनं अंथरूण न धुता तसंच आणा.

देशी_बाणा

लॅब तर लॅब. निदान पिल्लू विकत नाही घेतलं, यात समाधान मानतो.

भुसावळ_जंक्शन

रेल्वेचं मला विचारा. कुत्रं डब्यात सोबत न्यायचं तर फर्स्ट एसीतला अख्खा कूपे किंवा केबिन तुमच्या नावावर लागतं, पार्सल ऑफिसात वेगळी नोंदणी, लसीचं आणि तब्येतीचं प्रमाणपत्र. नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. ती मी माझ्या कुत्रीला कधी दिली नाही, तुम्हीही देऊ नका. स्लीपर किंवा थ्री टायरमध्ये लपवून आणलं तर दंड आणि सहप्रवाशांच्या शिव्या.

गाडीनंच आणा. चांदवड, मालेगाव, धुळे, पारोळा, एरंडोल. पहाटे चारला निघालात तर दहाच्या आत घरी पोचाल. निघण्याआधी पोटभर खायला घालू नका, ओकते. मालेगावच्या पुढे एकदा उतरवा, पण पट्टा गळ्यात अडकवूनच दार उघडा. हायवे आहे, आणि ती अजून तुमची हाक ओळखत नाही.